दंड भरू की कोर्टात जाऊ?

प्रश्न : मी बन्नूरला राहतो. कॅमेऱ्याच्या चलनावर नंबर माझ्या स्कूटरचा आहे, पण फोटोत मोटारसायकल दिसते. पाचशेच रुपये आहेत, भरून टाकू का?

उत्तर : मुळीच भरू नका. दंड भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड; प्रकरण तिथंच मिटतं. आरसी आणि स्कूटरचे फोटो जोडून चलन काढणाऱ्या पोलिसांकडे लेखी हरकत घ्या, पोच मागा. नियम १६७अ प्रमाणे अशा चलनाची सूचना १५ दिवसांत पाठवायची असते, तीही तपासा. समन्स आलं तर हजर राहून गुन्हा नाकबूल करा. मग तो सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम. तुमचा नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरतोय, त्याची पोलीस तक्रार मात्र आजच द्या.