फोन मागाहून, बातमी आधी

बाय, लांज्याच्या शाळेत मुलांकडून व्हिडिओ बातम्या करून घेणार म्हणालीस आणि लगेच विचारलंस, कॅमेरा कुठला घेऊ? कॅमेरा राहू दे. आधी परिपाठाकडे बघ. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि मग बातम्या. सातवीतलं कुणीतरी पेपरातले दिल्ली-मुंबईचे चार मथळे उतरवून आणतं, एका दमात वाचतं, आणि रांगेत कुणी ऐकत नाही. ही जागा तुला आयती मिळालेली आहे. जूनपासून दिवाळीपर्यंत तिथे रोज एकच बातमी वाचू दे, पण ती पेपरात नसलेली, मुलांनी स्वतः विचारून आणलेली हवी. तोवर फोन कपाटात.

नदीला पूर आला, ही बातमी नव्हे. मुचकुंदीचं पाणी कुठल्या पुलावरून गेलं, किती वाजता, कुठल्या वाडीची मुलं त्या दिवशी शाळेत आली नाहीत, ही बातमी. मुंबई-गोवा महामार्ग आपल्या गावातूनच जातो. तो ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलांना किती वेळ ताटकळावं लागतं, हे पोरांनी घड्याळ लावून आठवडाभर मोजलं तर तालुक्यातला कुठलाही पेपर छापील. काजू बीचा भाव, वानरांनी कुणाच्या परसात काय नासवलं, विलवडे आणि आडवली स्टेशनांवर कुठल्या गाड्या थांबतात, असे कितीतरी विषय पायाखाली पडलेत. कोट हे नेवाळकरांचं, म्हणजे झाशीच्या राणीच्या सासरच्या घराण्याचं मूळ गाव, हे पुस्तकात सापडतं. आज तिथे काय दिसतं, हे त्या बाजूच्या मुलाने बघून सांगावं.

एक पथ्य मात्र सक्त पाळ. एका तोंडाची बातमी घ्यायची नाही. एसटी चुकते अशी तक्रार मुलांनी केली, तर त्यांना आगारातही जाऊ दे. तिथले साहेब काय म्हणतात ते लिहून आणू देत. ‘लोक म्हणतात’ हे दोन शब्द वहीत दिसले की पान परत दे. नावाचा ऱ्हस्व-दीर्घही माणसालाच विचारून घ्यायचा. आणि चुकलं तर पुढच्या बातमीपत्रात, सुरुवातीलाच, दुरुस्ती वाचायची. पोरं लाजतात, पण गाव त्यांच्यावर विश्वास ठेवायला लागतो तो त्यानंतर.

दिवाळीनंतर फोन काढ. जुना, सिमकार्ड नसलेला चालतो. चित्र जरा डावं आलं तरी लोक बघतात. आवाज ऐकू आला नाही की उठून जातात. म्हणून पहिला खर्च माइकवर. तोही नको असेल तर दुसऱ्या फोनला वायरचा इअरफोन लाव, त्याचा माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर धर आणि आवाज वेगळा टिपून घे. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. जोडताना टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की बाकीचं आपोआप बसतं. पावसाळ्यात पत्र्याच्या वर्गात ध्वनिमुद्रण करायला जाऊ नको, सर आली की निवेदकाचे नुसते ओठ हलताना दिसतील. पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवतात ती खोली बघ. पोती आवाज पितात, घुमू देत नाहीत. सांगते ते खरं, तिच्यासारखा स्टुडिओ तालुक्यात शोधून मिळणार नाही.

चित्राचं थोडक्यात. फोन आडवा धरायचा. बोलणाऱ्याचं तोंड खिडकीकडे, पाठ नव्हे. एक दृश्य दहा आकडे मोजेपर्यंत न हलवता. जुलैत भिंगावर बाष्प धरतं, सुती फडकं खिशात असू दे. 1080 वर चित्रण केलंस तर साध्या फोनला मिनिटाला शंभरेक एमबी लागतात आणि जागा भरते. 720 पुरेसं आहे. दर शनिवारी सगळं पेनड्राइव्हवर उतरवायचं.

बातमीपत्र पाच मिनिटांचं. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द नीट वाचून होतात, म्हणजे एकूण सहाशे शब्दांच्या आत बसव. शुक्रवारी चित्रण, शनिवारी सकाळच्या शाळेत दाखवणं. कामं आलटूनपालटून द्यायची. गोड आवाजाची, शुद्ध बोलणारी एकच मुलगी वर्षभर खुर्चीत दिसली तर ते तिचं कौतुक झालं, शाळेच्या बातम्या नव्हेत. जी पोर मागच्या बाकावर गप्प बसते तिच्या कानाला इअरफोन दे. आवाज कुठे तुटतो हे तिलाच आधी कळतं. निवेदन प्रमाण भाषेत असू दे, पण मुलाखत देणारी आजी संगमेश्वरीत बोलली तर तिला सुधारायचं नाही, गो. तिचं बोलणं तसंच राहू दे.

मोठ्या माणसांपासून सावध राहा. कुणी पाहुणे येतील, शाल-श्रीफळ होईल, आणि हे आपल्या बातम्यांत घ्या असा निरोप येईल. एकदा घेतलंस की दर आठवड्याला घ्यावं लागेल. शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच बैठकीत नियम सांगून ठेव: सत्कार आणि वाढदिवस आम्ही घेत नाही. तुझी स्वतःचीही एक खोड असणार. रात्री घरी बसून पोरांचं संकलन नीटनेटकं करून टाकावंसं वाटेल. ते करू नको. मुलांसाठी मोठ्यांनी केलेले कार्यक्रम आपल्याकडे झालेत. पुण्याची बालचित्रवाणी 1984 पासून 2017 पर्यंत तेच काम करत होती. तुझ्याकडचं वेगळं आहे, ते मुलांचं आहे. एखादा सांधा ओबडधोबड राहिला तर राहू दे.

एका बाबतीत मात्र शेवटचा शब्द तुझाच. मुलाला झालेली शिक्षा, घरातली भांडणं, चोरीचा संशय, कुणाशी झालेला वाईट प्रकार यांतलं काहीही पडद्यावर येणार नाही. अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करणं पोक्सोत गुन्हा आहे आणि बाल न्याय कायद्याचं कलम 74 कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलालाही तेच संरक्षण देतं. प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी परवानगी जूनमध्येच घे; 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. यूट्यूबवर टाकायची घाई नको. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरचा व्हिडिओदेखील संध्याकाळपर्यंत मुंबईच्या चाकरमान्यांच्या फोनवर पोचलेला असतो.

पहिलं व्हिडिओ बातमीपत्र 6 जानेवारीला दाखव. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली ‘दर्पण’ सुरू केलं तो हा दिवस, महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळतात. बाळशास्त्री आपल्या कोकणातले, देवगडकडच्या पोंभुर्ल्याचे, आणि तेव्हा विशीतलेच होते. परीक्षा आल्या, शिमगा आला की दर आठवड्याला जमणार नाही. तेव्हा पंधरवड्याने काढ आणि त्याची लाज धरू नको. ‘दर्पण’सुद्धा आधी पाक्षिकच होतं, साप्ताहिक ते काही महिन्यांनी झालं.