शेटलंड बेटांतील तट्टें, रानपक्षी व सामाईक कुरण

ज्या मुलखांत जमीन नापीक, वारा अखंड आणि लोकवस्ती विरळ, त्या मुलखांतील शेतकरी कसा जगतो, हें पाहिल्यानें आपल्या स्थितीचा विचार करण्यास पुष्कळ साहाय्य होतें. याच हेतूनें प्रस्तुत लेखांत ब्रिटनच्या अगदीं उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांची माहिती दिली आहे. तेथील ठेंगणीं तट्टें जगप्रसिद्ध आहेत. परंतु त्या तट्टांच्या पाठीमागें सामाईक कुरणाची जी व्यवस्था आहे, ती आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. आणि शेतकऱ्यानें लक्षांत घ्यावयाची गोष्ट नेमकी तीच होय.

देशस्थिति

शेटलंड हा सुमारें शंभर लहानमोठ्या बेटांचा समूह स्कॉटलंडच्या मुख्य भूमीपासून सुमारें शंभर मैल उत्तरेस समुद्रांत आहे. सर्व बेटांचें मिळून क्षेत्रफळ 1,466 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याहूनहि कमी भरतें. लोकसंख्या सुमारें 23,000 आहे. मुंबई 19 अक्षांशावर, तर हीं बेटें 60 अक्षांशावर. त्यामुळें ऐन हिंवाळ्यांत दिवस सहा तासांहूनहि लहान असतो आणि उन्हाळ्यांत मध्यरात्रींदेखील पुरता अंधार पडत नाहीं. थंडी फार कडक नसते, परंतु खारा वारा असा वाहतो कीं, उघड्यावर झाड म्हणून वाढत नाहीं. पूर्वीं येथें नॉर्वेच्या लोकांची सत्ता होती. 1469 सालीं डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानें आपल्या कन्येच्या हुंड्यापोटीं हीं बेटें स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेविलीं, आणि तें गहाण पुढें कधींच सुटलें नाहीं.

जमिनीचा मोठा भाग पीट नांवाच्या काळ्या मातीचा आहे. दलदलींत वर्षानुवर्षें अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा दडपलेला थर, तोच हा पीट. उन्हाळ्यांत फावड्यानें त्याच्या विटा कापून वाळवावयाच्या आणि हिंवाळ्यांत जाळावयाच्या. जेथें झाड नाहीं तेथें हेंच सरपण. ही माती आम्लधर्मी असून तींत चुना व इतर क्षार फार थोडे असतात; या गोष्टीचा संबंध पुढें येणार आहे.

कुणबावा व सामाईक कुरण

येथील लहान शेतकऱ्याच्या धारण जमिनीस क्रॉफ्ट म्हणतात. घरालगत थोडे एकर पिकाऊ जमीन, तींत ओट, एक जातीचा जव, बटाटे व कोबीवर्गाची भाजी. भाजीचीं रोपें वाऱ्यापासून वांचावीं म्हणून माळावर दगडाचे लहान वाटोळे कोंडवाडे बांधीत व त्यांत रोपें तयार करीत. हे कोंडवाडे अद्याप ठिकठिकाणीं उभे आहेत.

पिकाऊ जमीन आणि डोंगर यांच्या मध्यें दगडी गडगा असतो. गडग्याच्या वरचा डोंगर म्हणजे स्कॅटल्ड, अर्थात् अनेक क्रॉफ्टांचें मिळून सामाईक कुरण. वसंतांत पेरणीच्या सुमारास जनावरें गडग्याबाहेर काढावयाचीं आणि पीक घरांत आल्यावर पुन्हां आंत घ्यावयाचीं, अशी जुनी वहिवाट होती. कुरणावर प्रत्येक क्रॉफ्टानें किती मेंढ्या, किती गुरें व किती घोडीं सोडावयाचीं, याची संख्या ठरलेली असते. ज्याची जमीन अधिक त्याचा वांटा अधिक. परंतु ठरलेल्या संख्येवर एक शेपूट वाढविण्याची कोणास मुभा नाहीं. मेंढ्या एकत्र चरत असल्यामुळें प्रत्येक मालकाची कानावर कापण्याची खूण निराळी असते, व या खुणा नोंदवून ठेवण्याची रीत आहे. पाहुण्यास डोंगरावरील तट्टें रानटी वाटतात. पण त्यांपैकीं बेवारशी एकहि नाहीं.

ही व्यवस्था सुखासुखीं टिकली नाहीं. एकोणिसाव्या शतकांत कित्येक जमीनदारांनीं मेंढ्यांच्या मोठ्या कळपांसाठीं कुळांस हुसकून लावलें. फेटलर बेटावर हें विशेष घडलें. शिवाय कुळानें जमीनदारासाठींच मासे धरावे, अशीहि सक्ती पुष्कळ ठिकाणीं होती. अखेरीस 1883 सालीं चौकशीमंडळ नेमलें गेलें आणि 1886 च्या कायद्यानें क्रॉफ्टरांस कब्जाची शाश्वती, वाजवी खंड व सुधारणांची भरपाई हे हक्क मिळाले. हक्क कागदावर उतरला तेव्हांच कुरणहि शाबूत राहिलें.

तट्टांचें वर्णन

शेटलंडचें तट्टू खांद्यापाशीं जास्तींत जास्त 42 इंच उंच असावें, असा नियम आहे. अंग आटोपशीर, पाय आंखूड, मान भरदार, आयाळ व शेपूट दाट. हिंवाळ्यांत अंगावर दुहेरी केस येतात. आंतील लोंकर ऊब राखते व बाहेरील लांब केसांवरून पाणी ओघळून जातें. वादळ आलें म्हणजे तट्टू वाऱ्याकडे पाठ करून गडग्याच्या आडोशास उभें राहतें. चारा संपला तर समुद्रकांठीं उतरून लाटांनीं आणलेलें शेवाळ खातें. आकाराच्या मानानें त्याचें बळ फार. जुन्या काळीं पाठीवर लांकडी खोगीर घालून दोन्ही बाजूंस टोपल्या बांधीत व डोंगरावरून घरीं पीट आणीत. शेपटीच्या केसांच्या मासे धरण्याच्या दोऱ्या करीत.

एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दुष्काळी चाऱ्यावर जगण्यासाठीं घडलेलें हें जनावर सकस कुरणांत मोकळें सोडलें म्हणजे लठ्ठ होतें, त्याच्या खुरांत दाह उत्पन्न होतो व तें लंगडें पडतें. अधिक खाऊं घालणें म्हणजे अधिक चांगली जोपासना, ही समजूत येथें खोटी ठरते. ज्या जातीस ज्या रानाची सवय, तें रानच तिचें औषध.

बीज गेलें व परत आणिलें

1842 सालीं ब्रिटनमध्यें कायदा होऊन स्त्रियांस व दहा वर्षांखालील मुलांस कोळशाच्या खाणींत उतरविण्याची बंदी झाली. अरुंद बोगद्यांतून कोळशाच्या गाड्या ओढण्यास ठेंगणें पण बळकट जनावर हवें होतें, तें शेटलंडांत सांपडलें. व्यापारी येऊं लागले. खाणीस नर हवे असल्यामुळें उत्तमांत उत्तम नर विकले गेले, आणि कुरणावर जे उरले ते कोणी विकत न घेतलेले. पैसा हातीं आला, पण पुढील पिढीचा बाप हलका राहिला. थोड्याच वर्षांत शिंगरांचा कस उतरला.

यावर उपाय प्रथम एका खाणमालकानेंच केला. लंडनडेरीच्या पांचव्या मार्क्विसानें 1870 च्या सुमारास ब्रेसे व नॉस हीं बेटें पैदाशीसाठीं घेऊन निवडक घोडे व घोड्या ठेविल्या. हेतु स्वतःच्या खाणींचा होता हें खरें. तथापि त्या निवडीनें जातीचें रूप निश्चित झालें. 1890 सालीं जातीची वंशावळ नोंदविणारी संस्था स्थापन झाली. ब्रिटनमधील देशी तट्टांच्या जातींत अशी संस्था हीच पहिली. 1899 सालीं मार्क्विसाचा कळप विकला गेला, परंतु त्यांतील बीज सर्वत्र पसरलें.

पुढें खाणींत यंत्रें आलीं, गांवांत रस्ते व मोटारी आल्या. तट्टांस भाव राहिला नाहीं आणि कुरणावर हलके घोडे पुन्हां फिरूं लागले. तेव्हां 1956 सालीं नोंदणीकृत व निवडक घोडे सामाईक कुरणांवर सोडण्याची व त्यांच्या मालकांस उत्तेजनार्थ रक्कम देण्याची योजना सुरू झाली. एका शेतकऱ्याची घोडी कितीहि उत्तम असली तरी कुरण सामाईक असेल तर घोडाहि सामाईक विचारानें निवडला पाहिजे, हें या योजनेचें मर्म होय.

रानजीव

या बेटांवर कोल्हा नाहीं, सापहि नाहीं. त्यामुळें जमिनीवर घरटीं करणाऱ्या समुद्रपक्ष्यांस हें माहेरच झालें आहे. पफिन नांवाचा रंगीत चोंचीचा पक्षी बिळांत अंडीं घालतो; गॅनेट उंच कड्यांवर राहतात. किनाऱ्यास सील व पाणमांजरें नित्य दिसतात. मुख्य बेटाच्या पश्चिमेस सुमारें वीस मैलांवर फूला नांवाचें एकाकी बेट आहे. तेथें अवघीं तीसेक माणसें राहतात; वादळ झालें तर होडी व लहान विमान दोन्ही कित्येक दिवस बंद पडतात. 1752 सालीं ब्रिटननें नवें पंचांग स्वीकारलें, तरी फूलाचे लोक अद्याप नाताळ 6 जानेवारीस करितात.

येथें बॉन्क्सी नांवाचा दांडगा तपकिरी पक्षी आहे. घरट्याजवळ माणूस आला कीं तो डोक्यावर झेप घेतो. म्हणून लोक काठी डोक्याहून उंच धरून चालतात. तो अशक्त कोंकरासहि इजा करितो. तरी अठराव्या शतकांत फूलाचे लोक त्यास मारीत नसत, कारण मेंढ्यांवर येणाऱ्या गरुडांस तो पिटाळून लावी. नफा आणि नुकसान दोन्ही तोलून पाहण्याची ही शेतकऱ्याची जुनी रीत होय. पुढें संग्रहासाठीं कातडीं व अंडीं नेणाऱ्यांनीं हा पक्षी जवळजवळ नाहींसा केला. उन्स्ट बेटावर 1831 पासून एडमनस्टन घराण्यानें त्याचें रक्षण केलें, म्हणून तो वांचला. अलीकडे 2021 व 2022 सालीं पक्ष्यांच्या सांथीच्या तापानें ब्रिटनमधील बॉन्क्सींची सुमारें तीन-चतुर्थांश संख्या बुडाली. जें रक्षण करण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं, तें दोन हंगामांत निम्म्याहूनहि खालीं आलें.

फूलामधील एक प्रकार तर गोपालकांनीं मुद्दाम वाचावा. तेथील मेंढ्या जमिनीवरील घरट्यांतून समुद्रपक्ष्यांच्या जिवंत पिलांचीं डोकीं, पाय व पंख चावून खातात, असें शास्त्रज्ञांस आढळून आलें व 1988 सालीं तें प्रसिद्ध झालें. मांस टाकून हाडांचेच अवयव खाण्याचें कारण, पीटाच्या चाऱ्यांत क्षारांची उणीव. मेंढीचा स्वभाव बिघडला नव्हता. तिची जमीन तिला पुरी पडत नव्हती.

आपल्यासाठीं बोध

पहिला बोध क्षारांचा. आपल्या गाई-म्हशी माळावर हाडें चघळूं लागल्या, चिंध्या किंवा माती खाऊं लागल्या, तर काठी घेऊन धांवण्यापूर्वीं चाऱ्यांत स्फुरदादि क्षार कमी आहेत काय, हें पाहावें. मेलेल्या जनावराचीं हाडें चघळल्यानें प्राणघातक विषबाधा होऊं शकते. पशुवैद्याच्या सल्ल्यानें मीठ व खनिजमिश्रण नियमानें द्यावें आणि माळावरचे सांगाडे पुरावे.

दुसरा बोध बीजाचा. भीमथडीचीं काटक तट्टें एके काळीं मराठी स्वारांची भिस्त होतीं. तीं मागें कां पडलीं, याचा विचार करितांना शेटलंडची गोष्ट आठवावी. आजहि गांवांतील उत्तम खोंड बाजाराच्या मोहानें प्रथम विकला जातो आणि गाईंच्या कळपांत कोणीहि उनाड वळू फिरतो. गांवानें मिळून एक निवडक वळू राखावा, त्याचा खर्च गाईंच्या संख्येप्रमाणें वांटावा व वासरांची नोंदवही ठेवावी. यास मोठ्या भांडवलाची गरज नाहीं.

तिसरा बोध कुरणाचा, आणि तोच सर्वांत निकडीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 22 अन्वयें गांवच्या गुरांच्या चराईसाठीं जमीन राखून ठेवितां येते. अशा जमिनीवरील अतिक्रमणें हटविण्याविषयीं सर्वोच्च न्यायालयानें 2011 सालीं स्पष्ट निर्णय दिला आहे. तथापि महसुली दप्तरें हाताळण्यांत वर्षें घालविल्यावर मला एवढें सांगतां येईल कीं, गायरान प्रथम कागदावरून जात नाहीं. आधीं एक बांध चार हात सरकतो, मग एक गोठा उभा राहतो. आणि बाकीचे खातेदार, तें सर्वांचें आहे म्हणून, म्हणजे आपलें नाहीं असें समजून स्वस्थ बसतात. ज्याच्या दावणीस चार जनावरें तोच यांत प्रथम बुडतो. मोठ्या खातेदारासहि चारा विकत घेण्याची पाळी पुढें येतेच.

सबब आमच्या शेतकरी बंधूंस विनंति अशी कीं, येत्या ग्रामसभेपूर्वीं प्रत्येकानें तलाठ्याकडून आपल्या गांवच्या गायरानाचा गट नंबर व क्षेत्र उतरून घ्यावें, नकाशाप्रमाणें त्याच्या चतुःसीमा पायीं फिरून पाहाव्या, आणि किती जनावरें किती महिने सोडावयाचीं याचा ठराव लेखी करून घ्यावा. साठ अक्षांशावरील मूठभर लोक दगडी गडगा, कानाची खूण आणि ठरलेली संख्या यांवर आपलें रान राखूं शकतात. तर आपणांस तें कां साधूं नये?