डोक्याला मार लागल्यानंतरचा हिशेब

गेल्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत एक ओळखीच्या बाई ह्यांच्याकडे बघून मला म्हणाल्या, "आता अगदी पूर्वीसारखे दिसतात हो!" त्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्याच रात्री हे शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये वीस मिनिटं आमची गाडी शोधत होते, आणि ती गाडी आमच्याकडे सहा वर्षं आहे. हात मोडला तर प्लास्टर दिसतं, बायपास झाली तर माणसं पथ्याचं विचारतात. मेंदूची दुखापत बरी झाल्यासारखी दिसते, आणि खरा त्रास तिथूनच सुरू होतो.

ह्यांना २०१२ च्या फेब्रुवारीत, न्यू जर्सीत, कामावरून घरी येताना हायवेवर अपघात झाला. मी डॉक्टर नाही. पुढे लिहिते आहे ते सगळं गरजेपोटी शिकलेलं आहे.

इमर्जन्सीत पहिला शब्द कानावर पडतो तो 'ग्लासगो कोमा स्केल'. ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट ह्या डॉक्टरांनी १९७४ साली ही मोजणी सुरू केली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल ह्यांना मिळून ३ ते १५ गुण. ८ किंवा कमी म्हणजे गंभीर, १३ किंवा जास्त म्हणजे 'सौम्य'. ह्यांचे ७ होते. ह्या 'सौम्य' शब्दाने मात्र पुष्कळ लोकांची फसगत होते. तो पहिल्या काही तासांपुरता असतो, पुढच्या वर्षाचं भविष्य त्यात नसतं. धक्क्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले किंवा तुटले, तर सीटी स्कॅन स्वच्छ येऊनही माणूस महिनोन्महिने गोंधळलेला राहू शकतो.

घरी आल्यावर हे चहाचं आधण ठेवून विसरायचे. दोन माणसं एकदम बोलू लागली की कान झाकून आत जायचे. सगळ्यात अवघड होतं ते स्वतःहून काही सुरू न करणं. सांगितलं तर अंघोळ, नाहीतर दुपारपर्यंत सोफ्यावर. पुण्याहून सासूबाई फोनवर म्हणायच्या, "तू फार लाडावून ठेवलंस त्याला." हा आळस नव्हे, मेंदूच्या पुढच्या भागाला लागलेल्या माराचं लक्षण आहे, हे मला एका थेरपिस्टने चार महिन्यांनी समजावलं. तोवर मीही बरंच बोलून चुकले होते. आपल्या भाषेचीही एक अडचण आहे. 'डोक्याला मार लागला' म्हटलं तर माणसं हळहळतात, 'डोक्यावर परिणाम झाला' म्हटलं तर मुलीच्या लग्नाची काळजी करू लागतात. म्हणून आपण गप्प बसतो, आणि गप्प बसलं की पैशांचं नुकसान होतं. तेच मुख्यतः सांगायचं आहे.

न्यू जर्सीत कार अपघाताच्या उपचारांचा खर्च आपल्याच गाडीच्या इन्शुरन्समधल्या 'पी.आय.पी.' ह्या भागातून होतो. हप्ता कमी पडावा म्हणून आम्ही सगळ्यात खालची, १५,००० डॉलरची मर्यादा घेतली होती. ती पहिल्या आठवड्यातच संपली. कंपनीच्या माणसाने फोनवर "मर्यादा संपली" एवढंच सांगितलं आणि मी ते खरं मानलं. आमचा हेल्थ इन्शुरन्स ठरावीक थेरपीनंतर थांबला. "प्रगती दिसत नाही" असं पत्र आलं. बचत मोडून मी स्पीच थेरपीचे पैसे भरत राहिले. मग सपोर्ट ग्रुपमधल्या एका आयरिश आजींनी विचारलं, "अगं, मेंदूच्या दुखापतीचा नियम तुला कुणी सांगितला नाही?" न्यू जर्सीच्या कायद्यात कायमच्या किंवा लक्षणीय मेंदूच्या दुखापतीसाठी, पॉलिसीची मर्यादा कमी असली तरी, आवश्यक उपचारांना २,५०,००० डॉलरपर्यंत पैसे द्यावे लागतात. आम्ही लेखी मागणी केली, न्यूरॉलॉजिस्टचं पत्र जोडलं, आणि तीन महिन्यांनी पैसे आले. ग्रुपमध्ये मी एकटीच भारतीय होते. लाजून घरी बसले असते तर हा नियम मला कळलाच नसता. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी आपापल्या राज्याचा नियम बघावा, तो वेगळा असतो.

नोकरी गेली तर सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी. त्यात पैसे सुरू होण्याआधी पूर्ण पाच महिने थांबावं लागतं, आणि मेडिकेअर त्यानंतर आणखी २४ महिन्यांनी. एवढा काळ हेल्थ इन्शुरन्स कुठून आणायचा, हा विचार पहिल्याच महिन्यात करावा. अर्ज नाकारला तर ६० दिवसांत अपील करता येतं. आमचा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण ऑफिसात विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ह्यांनी हसून "येस, आय कॅन" म्हटलं होतं! आपल्यातली उणीव न जाणवणं हाही ह्याच दुखापतीचा भाग असतो. दुसऱ्या वेळी मी न्यूरोसायकॉलॉजिस्टच्या चाचणीचा अहवाल आणि माझी रोजची वही जोडली. वहीत फक्त काय जमलं नाही ते, तारखेसकट. कंपनीचा लाँग टर्म डिसॅबिलिटी विमा असेल तर कागदावर निदान काय लिहिलंय ते नीट वाचा. नुसतं 'डिप्रेशन' लिहिलं असेल, तर पुष्कळ पॉलिसी दोन वर्षांत पैसे बंद करतात.

हे नियम आभाळातून पडले नाहीत. १९८० साली मॅसॅच्युसेट्समध्ये मेरिलिन प्राइस स्पिव्हॅक ह्या आईने, मुलीला कार अपघातात मेंदूची दुखापत झाल्यावर, इतर कुटुंबांना जमवून नॅशनल हेड इंज्युरी फाउंडेशन उभं केलं. तीच आजची ब्रेन इंज्युरी असोसिएशन ऑफ अमेरिका. १९९० साली शाळांच्या स्पेशल एज्युकेशनच्या कायद्यात ह्या दुखापतीला स्वतंत्र जागा मिळाली, १९९६ साली खास फेडरल कायदा झाला, आणि न्यू जर्सीने २००२ साली गाडीच्या रजिस्ट्रेशनमागे ५० सेंट घेऊन रुग्णांसाठी फंड सुरू केला. म्हणजे गाडी असलेले आपण सगळेच त्यात पैसे घालतो, मागायला मात्र संकोचतो.

संशोधनाबद्दलही थोडं. १९८७ पासून 'टी.बी.आय. मॉडेल सिस्टिम्स' नावाची योजना चालू आहे. रिहॅबमधून गेलेल्या रुग्णांना एक, दोन, पाच आणि मग दर पाच वर्षांनी फोन करून ते कसे आहेत हे विचारलं जातं. त्यातून दिसलं, की मध्यम ते गंभीर दुखापतीनंतर पाच वर्षांत २२ टक्के लोक वारले, ३० टक्क्यांची प्रकृती खालावली, २२ टक्के तसेच राहिले आणि २६ टक्के सुधारले. म्हणजे पाच वर्षांनीही काही माणसं सुधारत असतात आणि काही घसरत असतात. 'प्रगती दिसत नाही' हे सहाव्या महिन्यातलं पत्र किती पोकळ आहे ते ह्यावरून कळावं. नुसत्या समजुतीवर चालत राहिलं तर काय होतं ह्याचंही उदाहरण आहे. डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइड देण्याची जुनी पद्धत होती. १०,००८ रुग्णांवरच्या 'क्रॅश' चाचणीत २००४ साली दिसलं, की त्याने मृत्यू वाढतात. ह्यांना संशोधनात भाग घेण्याबद्दल विचारलं, तेव्हा मी आधी "प्रयोग नकोत" म्हणून नाही म्हटलं होतं. मुलीने फॉर्म नीट वाचला. त्यात फक्त फोनवरचे प्रश्न होते. तेव्हा सही केली.

थंडी येते आहे, आणि पुष्कळांकडे आई-वडील येतील. म्हातारपणी मेंदूच्या दुखापतीचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पडणं: बेसमेंटचा जिना, ड्राइव्हवेवरचा बर्फ, रात्री बाथरूमला जाताना पायात आलेलं पायपुसणं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील आणि डोकं आपटलं, तर "काही नाही गं, टेंगूळ आलंय" म्हणाले तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठून दोन-चार आठवड्यांनीही गुंगी, डोकेदुखी, विसरभोळेपणा सुरू होऊ शकतो, आणि आपण ते वयावर ढकलतो. व्हिजिटर इन्शुरन्स घेताना आधीच्या आजारांचं कलम आणि खर्चाची कमाल मर्यादा दोन्ही वाचा.

दिवाळीच्या कार्यक्रमात मी पुस्तकांच्या टेबलापाशी असेन. माझी ती जुनी वही आणि इन्शुरन्स कंपनीला लिहिलेल्या पत्राच्या प्रती बरोबर आणीन. कुणाला हव्या असतील तर घेऊन जा. हेही तिथेच असतील. त्यांच्याशी बोलताना एका वेळी एकानेच बोला, आणि उत्तर यायला जरा वेळ द्या.