खोलीचे पैसे आधीच भरले, मग हे वेगळे कसले?

प्रश्न : रोमला आम्ही चौघे तीन रात्री एका तीनतारांकित हॉटेलात उतरलो होतो. खोलीचे सगळे पैसे ऑनलाइन आधीच भरले होते. तरी निघताना काउंटरवरच्या बाईंनी ‘शहराचा कर’ म्हणून ७२ युरो मागितले. बराच वाद घातला, शेवटी भरले. ही परदेशी माणसाची लूट, की खरंच असा काही कर आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कर खरा आहे आणि हिशेबही चोख आहे. रोमच्या महापालिकेने ऑक्टोबर २०२३ पासून जे दर लावले, त्यांत तीनतारांकित हॉटेलात माणशी, दर रात्री ६ युरो पडतात. चार माणसं, तीन रात्री, म्हणून ७२. पंचतारांकित हॉटेलात माणशी १० युरो, चारतारांकितमध्ये साडेसात, एकतारांकितमध्ये ४. दहा वर्षांखालच्या मुलांना मात्र हा कर नाही. तुमच्यात तेवढं लहान मूल असेल, तर तुमचे १८ युरो जास्त गेले. पासपोर्टवरची जन्मतारीख दाखवून ते तिथल्या तिथे वजा करून घ्यायला हवे होते.

हे पैसे हॉटेलच्या खिशात जात नाहीत. हॉटेल फक्त वसूल करून महापालिकेकडे भरतं. म्हणून पावती मागायचीच. तिच्यावर ‘कोंत्रिबुतो दि सोजोर्नो’, म्हणजे मुक्कामाचं अंशदान, असं लिहिलेलं असतं.

कल्पना जुनी आहे. फ्रान्सने १९१० मध्येच कायदा करून औषधी झऱ्यांच्या आणि हवापालटाच्या गावांना असा कर घेण्याची मुभा दिली. उन्हाळ्यात गाव पाहुण्यांनी भरून जाणार, रस्ते, बागा, सांडपाणी यांवर ताण पडणार, आणि खर्च मात्र वर्षभर राहणाऱ्यांनी सोसायचा, हे न्यायाचं नव्हतं. रोममध्ये आजचा कर जानेवारी २०११ मध्ये आला. त्याच वर्षीच्या एका इटालियन कायद्याने इतर पर्यटनस्थळांनाही तो मार्ग खुला केला.

मग तो आधीच किमतीत धरून का सांगत नाहीत? तुमचा राग मला इथे रास्त वाटतो. युरोपीय संघाचा २००५ चा ग्राहकांविषयीचा निर्देश सांगतो की, टाळता न येणारे कर दाखवलेल्या किमतीत धरलेच पाहिजेत; आधी मोजता येत नसतील तर ते कसे मोजले जातात हे तरी सांगितलं पाहिजे. मुलांची वयं ठाऊक नाहीत अशा सबबीवर बरेच विक्रेते दुसऱ्या वाटेने जातात आणि ती ओळ बुकिंगच्या पानावर तळाशी, बारीक अक्षरांत टाकतात. माणसांची संख्या आणि रात्री बुकिंग करतानाच विचारून घेतलेल्या असतात. आकडा ठळक दाखवायला काहीच हरकत नसावी. आपल्याकडच्या सहल कंपनीबरोबर जाणार असाल, तर ‘शहर कर धरलाय का’ हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा.

संपूर्ण युरोपला एकच दर नाही, कारण लिस्बन कराराने पर्यटनात युरोपीय संघाला फक्त साहाय्यकाची भूमिका दिली. कर लावायचा की नाही, हे प्रत्येक देश आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक शहर ठरवतं. जर्मनीची हकीकत यात सगळ्यात बोलकी. तिथे २०१० मध्ये केंद्र सरकारने हॉटेलच्या खोलीवरचा व्हॅट १९ वरून ७ टक्क्यांवर आणला. हॉटेलवाल्यांना सवलत मिळाली, तर आपणही थोडा वाटा घ्यावा, असं शहरांना वाटलं, आणि कोलोनसारख्या शहरांनी त्याच वर्षी ‘बिछाना कर’ सुरू केला. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं, कामासाठी आलेल्या माणसाकडून हा कर घेता येणार नाही. झालं! काउंटरवर ‘सहलीला आलात की कामाला?’ अशी चौकशी सुरू झाली, मालकाचं पत्र मागू लागले. पुढे २०२२ मध्ये संवैधानिक न्यायालयाने कामाच्या मुक्कामावरही कर लावता येतो असा निर्णय दिला. बर्लिनने एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना तो लागू केला आणि २०२५ च्या सुरुवातीला दर ५ वरून साडेसात टक्के केला. बव्हेरिया राज्याने मात्र असा कर लावायला आपल्या शहरांना बंदीच घातली, म्हणून म्युनिकमध्ये तो नाही.

माणशी ठराविक रकमेपेक्षा टक्केवारी मला अधिक न्याय्य वाटते. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीच्या व्हॅटविना भाड्यावर साडेबारा टक्के घेतात. भाडं २०० युरो असेल तर कर २५ युरो, मग खोलीत दोघे राहोत की चौघे. भाडं महाग तर करही जास्त. रोममध्ये एकतारांकित हॉटेलात राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला रात्रीला १६ युरो पडतात, आणि पंचतारांकितमध्ये एकट्या राहणाऱ्या श्रीमंत पाहुण्याला १०. हे कुठेतरी चुकतंय.

आणि बदल्यात काय मिळतं? याचं सगळ्यात सरळ उत्तर स्वित्झर्लंडमध्ये सापडतं. बाझलमध्ये मुक्कामाच्या करातून पाहुण्याला ‘बाझलकार्ड’ मिळतं. त्यावर शहरातल्या ट्रॅम आणि बस फुकट, संग्रहालयांची तिकिटं निम्म्या दरात. जिनिव्हातही प्रवासाचं कार्ड मिळतं. आपले अनेक लोक ते न मागताच निघून जातात आणि ट्रॅमची तिकिटं काढत बसतात. तिकडे गेलात, तर खोलीची किल्ली घेताना कार्डही मागून घ्या.

प्रश्न : इटलीत हॉटेलवाले पासपोर्ट मागून घेतात. द्यावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दाखवावा लागतो. १९९० च्या शेंगेन अंमलबजावणी करारानुसार परदेशी पाहुण्याकडून नोंदणी अर्ज भरून घेणं आणि ओळखपत्राशी पडताळणं ही हॉटेलची जबाबदारी आहे. इटलीत ही माहिती पाहुणा आल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या पोर्टलवर जाते. भाड्याच्या घरांनाही हाच नियम आहे. दाराबाहेरच्या पेटीतून परस्पर किल्ली देण्यावर इटलीच्या गृहखात्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये बोट ठेवलं, ते पाहुण्याची ओळख समोरासमोर पटवण्यासाठीच. आपल्याकडेही परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलला त्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते. मात्र नोंदीला काही मिनिटं पुरतात. तेवढा वेळ काउंटरशी थांबा, आणि नोंद झाली की पासपोर्ट लगेच परत घ्या.