गाणी कोलंबोहून का ऐकावी लागली?

धाडमध्ये आज मोबाईलवर हवं ते गाणं लगेच लागतं. 1952 साली मात्र भारतात रेडिओ म्हणजे सरकारी आकाशवाणीच. त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं प्रेम. सिनेसंगीत त्यांना हलकं वाटे. आकाशवाणीने सिनेगीतांचा वेळ कमी केला. सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, असं म्हणून तेही बंद केलं. चिडलेल्या निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली.

मग श्रोते कुठे गेले? रेडिओ सिलोनकडे. लघुलहरी आकाशातल्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूर पोहोचतात, म्हणून कोलंबोचं केंद्र आपल्याकडेही लागे. गंमत म्हणजे अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि टेप विमानाने कोलंबोला जाई! शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीने विविध भारती सुरू केली.

ब्रिटनमध्ये तर 1964 पासून रेडिओ कॅरोलाइन समुद्रातल्या जहाजावरून विनापरवाना गाणी वाजवत होतं. 1967 मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला, आणि त्याच वर्षी बीबीसीने पॉप गाण्यांसाठी रेडिओ वन काढलं.

सिनेगीतांमागे निर्माते होते, टूथपेस्टवाल्यांचा पैसा होता. गावोगावच्या शाहिरांमागे कोण होतं? भीमगीतं घराघरांत गेली त्यात पुढे आलेल्या स्वस्त कॅसेटचा वाटा मोठा. मला तरी हीच लढाई जास्त अवघड वाटते.

उपक्रम : आजी-आजोबांना विचारा, तुमच्या घरी पहिला रेडिओ कधी आला? त्यावर कोणतं केंद्र लागायचं? आणि गावात गायली जाणारी कोणती गाणी त्यावर कधीच ऐकू आली नाहीत? उत्तरं वहीत लिहून आणा.