वसमतची हळद, मुंबईचा शेअर बाजार

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यात वसमतला आमची हळद-प्रक्रियेची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. आयपीओची तयारी करायची तर माहिती कुठे मिळेल?

उत्तर : सल्लागाराला पैसे मोजण्याआधी फुकटचा खजिना उघडा. बीएसई आणि एनएसई यांनी २०१२ मध्ये लघुउद्योगांसाठी स्वतंत्र मंच सुरू केले. तिथे आलेल्या मसाला-अन्नप्रक्रिया कंपन्यांची मसुदा माहितीपत्रके त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. त्यातलं ‘जोखीम’ प्रकरण आधी वाचा. कच्च्या मालाचे भाव, मोजकेच ग्राहक, थकलेली येणी, सगळं आपलंच वाटेल. नियमांसाठी सेबीची २०१८ची आयसीडीआर नियमावली पाहा. नोंदणीकृत मर्चंट बँकरांची यादीही सेबीकडेच मिळते.

इश्यूनंतरचं भरणा भांडवल २५ कोटींपर्यंत असेल तरच हे लघुउद्योग मंच खुले. मागच्या तीनपैकी दोन वर्षांत किमान एक कोटीचा परिचालन नफा लागतो. खरी अडचण हिशेबांची: मोंढ्यातले रोखीचे व्यवहार आणि घरखर्च कंपनीच्या वहीतून आजच बाहेर काढा. लेखापरीक्षकाकडे पीअर रिव्ह्यू प्रमाणपत्र आहे का, तेही विचारा. शेअर डिमॅट करून घ्या.

तुमची शेतकरी उत्पादक कंपनी असती, तर मात्र शेअर बाजारात थेट नोंदणी जमलीच नसती.