आवी, वेणा, आकुंचन : प्रसूतिविषयक परिभाषेचा एक तौलनिक विचार

भारतीय भाषांतील शास्त्रीय परिभाषेची चर्चा बहुधा पदार्थविज्ञान आणि कायदा या दोन क्षेत्रांभोवती फिरत राहते. जेथे बोलीचा शब्दसंग्रह मुळातच संपन्न आहे आणि तरीही शास्त्राची भाषा त्याच्याशी फटकून वागते, अशा क्षेत्रांकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. प्रसूती हे असे एक क्षेत्र होय. गर्भाशयाच्या स्नायूंचे आकुंचन आणि त्यावर ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’चा होणारा परिणाम हा शरीरक्रियाशास्त्रातील विषय मराठीत मांडू गेल्यास कोणते शब्द हाताशी येतात आणि त्यांपैकी कोणते ऐन वेळी दगा देतात, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

मराठीत बाईला ‘वेणा लागतात’ किंवा ‘कळा येतात’. ‘वेणा’ हे संस्कृत ‘वेदना’चे प्राकृतातून आलेले रूप; गुजरातीतील ‘वेण’ हे त्याचेच भावंड. ‘कळ’ या शब्दाचा संसार याहून मोठा आहे. कळ येते, कळ सोसतात, आणि ‘थोडी कळ काढ’ असे म्हणताना मराठी माणूस वेदनेचे नाव घेऊन धीराची अपेक्षा करीत असतो. हिंदीत ‘प्रसव-पीडा’, तेलुगूत ‘पुरिटि नोप्पुलु’, कन्नडात ‘हेरिगे नोवु’, मलयाळममध्ये ‘पेट्टुनोवु’ असे शब्द आहेत. तमिळ बोलीने ‘इडुप्पु वलि’, म्हणजे कंबरेचे दुखणे, असे म्हणून वेदनेचा ठावठिकाणाही सांगितला आहे. प्राचीन वैद्यकात यासाठी ‘आवी’ अशी स्वतंत्र संज्ञा होती आणि ती चरकसंहितेत आढळते. परंतु आधुनिक भाषांनी ती उचलली नाही.

या सर्व शब्दांत एक समान धागा आहे. ते स्नायू काय करतो हे सांगत नाहीत. बाईला काय होते ते सांगतात. ‘आकुंचन’ हा एकटाच शब्द क्रियेचे नाव घेतो, आणि तोच पाठ्यपुस्तकातला आहे. हा भेद केवळ रुचीचा नव्हे. १८७२ मध्ये जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज प्रसूतितज्ज्ञाने असे दाखवून दिले की, गर्भाशय गरोदरपणाच्या काळात अधूनमधून आकुंचन पावतच असते आणि या आकुंचनांत बहुधा वेदना नसते. वेदनेवरून नाव ठेवणाऱ्या भाषेजवळ वेदनाहीन आकुंचनासाठी शब्द कोठून असणार? आपल्या बायकांनी ‘खोट्या कळा’ हा शब्द चालविला, आणि तो समर्पक आहे. पण शास्त्राच्या दृष्टीने त्या कळांत खोटे असे काहीच नाही. स्नायू खरोखरच आकसतो. गर्भाशयाचे मुख तेवढे उघडत नाही.

नावाप्रमाणे कारणाचीही एक परंपरा आहे. आयुर्वेदाने गर्भ बाहेर लोटण्याचे काम अपान वायूकडे दिले. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘सूतिमारुत’ हा शब्द येतो, आणि तेथे यंत्रातून सुटलेल्या बाणाची उपमा आहे. येथे एक मोह उत्पन्न होतो. मराठीने ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ म्हटले. तेव्हा प्राणवायूचे गर्भाशयावरील परिणाम वाचताना, पूर्वजांना हे ठाऊकच होते, असे म्हणावेसे वाटते. हा मोह टाळलाच पाहिजे. अपान हे गतीचे तत्त्व आहे. ऑक्सिजन हे मूलद्रव्य आहे. अनुवादकाने निवडलेल्या एका शब्दामुळे दोन भिन्न विचारव्यूह एक होत नाहीत.

आता प्रत्यक्ष क्रियेकडे वळू. गर्भाशयाच्या भिंतीतील अरेखित स्नायुपेशीच्या आवरणावरील विद्युत्‌भार बदलला की कॅल्शियमच्या मार्गिका उघडतात आणि कॅल्शियम आत शिरते. ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडले जाते. या जोडीमुळे एक विकर जागृत होऊन मायोसिनला फॉस्फेट जोडते, मायोसिन ॲक्टिनला ओढू लागते आणि पेशी आखडते. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक पेशीच्या आतील साठ्यांतूनही कॅल्शियम मोकळे करते. मात्र एक पेशी आखडल्याने कळ येत नाही. दिवस भरत आले की शेजारच्या पेशींमध्ये कनेक्सिन-४३ या प्रथिनाच्या जोडवाटा वाढतात आणि सगळा स्नायू एका लयीत चालू लागतो.

प्रत्येक आकुंचनात स्नायूमधील रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो, ऑक्सिजन कमी पडतो. स्नायू सैलावला की रक्त पुन्हा वाहू लागते. ही भरती-ओहोटी प्रसूतीत तासन्‌तास चालते. ऑक्सिजन दीर्घकाळ अपुरा पडला तर आकुंचन मंदावते. परंतु २०१५ मध्ये लिव्हरपूल येथील संशोधकांनी असे दाखविले की, दिवस भरलेल्या गर्भाशयाच्या स्नायूला थोडा थोडा वेळ, पुन्हा पुन्हा ऑक्सिजनचा तुटवडा भासविल्यास त्याचे बळ उलट वाढत जाते. एकामागून एक येणाऱ्या कळा अधिक जोरकस का होतात, याचे एक उत्तर येथे मिळते. आकुंचनाने निर्माण केलेली अडचणच पुढच्या आकुंचनाला बळ पुरविते.

याच ठिकाणी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’चा संबंध येतो. ऑक्सिजनचा वापर करताना पेशीत सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी अतिक्रियाशील द्रव्ये तयार होतात. त्यांचा निरास करणारी विकरेही पेशीतच असतात. त्यांतील एकाचे, सुपरऑक्साइड डिस्म्यूटेजचे, कार्य मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये उघड केले. उत्पत्ती आणि निरास यांचा तोल उत्पत्तीच्या बाजूने ढळला की जी अवस्था येते तिला हे नाव आहे. १९८५ मध्ये हेल्मूट सीस यांनी त्याच शीर्षकाचा ग्रंथ संपादित केल्यावर ते रूढ झाले. गर्भाशयावर याचा परिणाम एकमुखी नाही. शरीराबाहेर काढलेल्या स्नायूच्या पट्टीवर हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यास आकुंचने सहसा क्षीण होतात. उलट संपूर्ण शरीरात, विशेषतः जंतुसंसर्ग असल्यास, हीच द्रव्ये दाहाच्या प्रक्रियेला चेतवितात, प्रोस्टाग्लँडिने वाढवितात, गर्भवेष्टने दुबळी करतात, आणि त्यातून अकाली प्रसूतीस हातभार लागतो. स्नायूला थोपविणारे आणि प्रसूती घडवून आणणारे द्रव्य एकच असावे, हे कार्यकारणाची सरळ रेघ ओढू पाहणाऱ्या वाचकाला गैरसोयीचे आहे. पण वस्तुस्थिती तशी आहे.

या अवस्थेला मराठीत काय म्हणावे? पहिल्या घटकासाठी प्रत्येक भाषेने वेगळी वाट धरली आहे. मराठीत ‘ऑक्सिडीकरण’, विश्वकोशात ‘ऑक्सिडीभवन’. हिंदी पाठ्यपुस्तकांत ‘उपचयन’. बंगालीत ‘जारण’, जो शब्द रसशास्त्रातील धातूंच्या संस्कारातून आला. बंगालीची निवड मला सर्वांत सुंदर वाटते, यद्यपि ती मराठीत आता रुजणे नाही. खरी अडचण दुसऱ्या घटकाची आहे. ‘स्ट्रेस’ म्हणजे ‘ताण’ असे आपण डोळे मिटून लिहितो. पण ‘गरोदरपणातील ताण’ म्हटल्यावर मराठी वाचक काय समजतो? मनाचा ताण. आणि ‘गर्भाशयावरील ताण’ म्हटले तर? भिंत ताणली जाणे. तीही आकुंचनाला चेतविणारी एक खरीखुरी स्वतंत्र गोष्ट आहे आणि जुळ्यांच्या वेळी तिचे महत्त्व वाढते. तीन निरनिराळी कारणे एका शब्दात कोंबली गेली आहेत.

याचे परिणाम शब्दकोशाबाहेर होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या वर्षी जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली. अपुऱ्या दिवसांचे मूल झालेल्या बाईच्या हाती ‘ताणामुळे अकाली प्रसूती होते’ असे वाक्य पडले, तर ती आपल्या रडण्याचा, भांडणाचा, काळजीचा हिशेब मांडू लागेल. आणि घरातली माणसे तिच्याआधी मांडतील. मूळ वाक्य पेशीतील रसायनांविषयी होते.

‘प्रतिऑक्सिडीकारक’ या दुसऱ्या शब्दाची कथा याच जातीची आहे. ‘प्रति’ या उपसर्गात शत्रूला परतविण्याचा ध्वनी आहे, म्हणून जितके अधिक तितके बरे, असा समज सहज होतो. ब्रिटनमध्ये सुमारे २४०० गर्भवतींना सामील करून घेतलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा देऊन पाहण्यात आल्या. गर्भावस्थेतील रक्तदाबाचा गंभीर विकार त्यामुळे टळला नाही. उलट जीवनसत्त्वे घेणाऱ्यांत कमी वजनाची मुले अधिक जन्मली. पेशीला त्या अतिक्रियाशील द्रव्यांची संदेशवहनासाठी काही अंशी गरजही असते, हे ‘प्रति’ सांगत नाही.

माझ्या मते येथे ‘ताण’ सोडून ‘ऑक्सिडीकरणाचा असमतोल’ म्हणावे. शब्द लांब आहे आणि बोलण्यात अडखळतो, हे मान्य. परंतु तो तोल ढळल्याचे सांगतो आणि बाईचे मन त्यातून वगळतो. कळांविषयी मात्र मी याच्या उलट बाजूला आहे. डॉक्टरांच्या टिपणात ‘आकुंचन’ राहावे, पण बाईशी बोलताना ‘कळा किती वेळाने येताहेत?’ असेच विचारले जावे. कारण त्या प्रश्नाचे उत्तर फक्त तिच्याजवळ असते.